‘मोठा हो’ आणि ‘ग्रो अप’

आजीच्या पाया पडले की ती डोक्यावर हात ठेवून म्हणते, ‘मोठा हो, बाळ.’ याचे शब्दश: इंग्रजी केले तर ‘ग्रो अप’ होते आणि तेथेच घोटाळा होतो. इंग्रजीत कोणी कोणाला तोंडावर ‘ग्रो अप’ म्हटले तर तो आशीर्वाद नसतो, चक्क कानउघाडणी असते. ‘पोरकटपणा पुरे’, एवढाच त्याचा अर्थ. अशा वेळी मराठी आई विचारते, ‘आता काय तू लहान आहेस?’

शिवाय मराठीतला ‘मोठा’ वयानेही मोठा आणि कर्तृत्वानेही मोठा. आजीला दोन्ही हवे असते. ‘ग्रो अप’मध्ये वय आणि समज वाढते, बस्स.

गहू, केस, नखे यांना नुसते ‘ग्रो’ पुरते. ‘अप’ लागते ते मुलांना. आणि हो, गावांनाही. पोलाद कारखान्याभोवती जमशेदपूर वाढले, त्याला इंग्रजीत ‘ग्रू अप’ म्हणता येते.

नोकरीच्या मुलाखतीत पुष्कळजण सांगतात, ‘आय वॉज ग्रोन अप इन नागपूर.’ हे चूक. ‘आय ग्रू अप इन नागपूर’ म्हणावे. ‘ग्रो अप’ दुसऱ्याला करता येत नाही, ज्याचे त्यानेच व्हायचे असते. आईवडिलांच्या कष्टांसाठी ‘ब्रिंग अप’ हे क्रियापद वेगळे आहे; तेथे ‘आय वॉज ब्रॉट अप’ बरोबर. मराठीत हा फरक किती सहज होतो! मुलगा ‘लहानाचा मोठा झाला’, आईने त्याला ‘लहानाचे मोठे केले’.

हल्ली घरोघरी सात वर्षांच्या रडणाऱ्या मुलालाही ‘ग्रो अप’ ऐकवले जाते. वाढून बसलेल्याला ते शोभेल. सात वर्षांच्या मुलाने सात वर्षांचे असण्यात गुन्हा तो काय?

मोठे व्हायलाच तयार नसलेल्या मुलाचे नाटक इंग्रजीत प्रसिद्ध आहे. जे. एम. बॅरी यांचे ‘पीटर पॅन’ १९०४ मध्ये लंडनच्या रंगभूमीवर आले. त्याच्या उपशीर्षकातच हे ‘ग्रो अप’ आहे. बॅरी सहा वर्षांचे असताना त्यांचा थोरला भाऊ डेव्हिड बर्फावरच्या अपघातात दगावला. आई खचली. पुढे बॅरी वाढले, नावारूपाला आले. आईच्या मनातला डेव्हिड मात्र तेरा वर्षांचाच राहिला.