पांढरं सोडायला शिका

जलरंग म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? माझ्या पिढीतल्या बहुतेकांना कॅमलची ती चपटी पेटी आठवेल, गढूळ पाण्याचा पेला आठवेल, आणि एलिमेंटरीच्या परीक्षेत वेळ संपत आली तरी कागद वाळत नाही म्हणून तो हवेत हलवत बसलेले आपण आठवू. आज ज्या जलरंगांबद्दल लिहिणार आहे, त्यांत ना पाणी आहे, ना कागद, ना ब्रश. हे रंग पडतात पॉलिमर क्लेवर, आणि टाकायचे असतात शाईच्या थेंबांनी. गेली काही वर्षं इथे ओहायोत, हिवाळ्याच्या लांबलचक संध्याकाळी मी हा उद्योग करते. कानातले, पेंडंट, फ्रिजवर लावायचे चुंबक, असं काहीबाही त्यातून तयार होतं. दिवाळीत भेट म्हणून देते, त्यामुळे मैत्रिणींना आता काय मिळणार ते आधीच माहीत असतं.

क्ले म्हटलं तरी ही माती नव्हे. आपल्याकडच्या नळाचे पाइप ज्या पीव्हीसीचे असतात, त्याचीच पूड मऊ करणाऱ्या तेलकट द्रव्यात कालवून ही बनवतात. शाडूसारखी ती उघडी ठेवून वाळत नाही, ओव्हनमध्ये भाजावी लागते. तिच्या घराण्यातलं एक जुनं नाव म्हणजे फिमो. जर्मनीतल्या प्रसिद्ध बाहुल्या बनवणाऱ्या केथे क्रूझ यांच्या मुलीने अशा मिश्रणावर घरीच प्रयोग केले, आणि पुढे १९६०च्या दशकात ते फिमो या नावाने बाजारात आलं. अमेरिकेत स्कल्पीची क्ले जास्त दिसते. हस्तकलेच्या कोणत्याही मोठ्या दुकानात दोन्ही मिळतात.

आता कृती. पांढरी क्ले कणकेसारखी मळून घ्या. थंडीत ती हट्टी असते, तळहातांच्या उबेने हळूहळू वळते. मग पास्ता मशीनमधून किंवा लाटण्याने साधारण ३ मिलिमीटर जाडीची पोळी लाटा. हे मशीन आणि लाटणं मात्र परत स्वयंपाकघरात न्यायचं नाही. लाटलेली पोळी गुळगुळीत फरशीच्या तुकड्यावर ठेवा, भाजायलाही तीच फरशी उपयोगी पडते.

शाई नेहमीच्या दौतीतली चालत नाही, अल्कोहोल इंक लागते. या शाईत रंग पाण्यात नव्हे, अल्कोहोलात विरघळवलेला असतो. बाटलीला बारीक तोंड असतं. ती हलकेच दाबली की थेंब पडतो, झरकन पसरतो आणि बघता बघता वाळतो. सोबत औषधांच्या दुकानात मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल ठेवा. ७० टक्क्यांचं आणि ९१ टक्क्यांचं, असं दोन प्रकारचं मिळतं, त्यातलं ९१ टक्क्यांचं घ्या, त्यात पाणी कमी असतं. निळ्या थेंबाच्या मधोमध या बिनरंगी अल्कोहोलाचा एक थेंब टाका. वाळलेला रंग पुन्हा विरघळतो, बाहेर ढकलला जातो, मध्ये फिकट तळं उरतं आणि कडेला गडद रेघ उमटते.

ही रेघ म्हणजे या सगळ्या प्रकाराचा आत्मा. बशीत सांडलेला चहा वाळला की मधला भाग फिका राहतो आणि कड गडद होते, ते तुम्ही पाहिलं असेल. थेंबाच्या काठाशी द्रव लवकर उडतो, ती तूट भरून काढायला मधला द्रव काठाकडे वाहतो आणि वाहताना रंग सोबत नेतो. कागदावरच्या जलरंगातही ओल्या डागाची कड अशीच धरते. फरक इतकाच की कागद पाणी पितो आणि रंगाला आपल्या धाग्यांत अडकवून ठेवतो. क्ले काही पीत नाही. अल्कोहोलाने तिचा वरचा थर फक्त किंचित मऊ होतो. म्हणून इथे रंग मुरत नाही, वरच्यावर फिरतो, आणि अल्कोहोल उडून गेलं की जिथे असेल तिथे थांबतो. तुमच्या हातात असतात ते काही सेकंद.

थोडं जमायला लागलं की पुढची युक्ती करून बघा. अर्धपारदर्शक क्ले मिळते. ती कागदासारखी पातळ लाटून रंगवलेल्या पोळीवर अलगद पसरवायची, मध्ये हवा राहू द्यायची नाही, आणि वर पुन्हा एकदोन थेंब टाकायचे. भाजल्यावर खालचा रंग धुक्यातून दिसावा तसा दिसतो. मागचे डोंगर आणि पुढचे डोंगर वेगळे होतात.

हे सगळं मी आईला मोठ्या उत्साहाने दाखवलं होतं. आई मिरजेची. आर्ट टीचर डिप्लोमा करून तिने एकतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला तिने किती मुलं बसवली, याचा हिशेब तिच्याकडेही नाही. निवृत्तीनंतर तिला पक्षाघाताचा झटका आला आणि उजवा हात गेला. जेवण, सही, फोन, सगळं ती हळूहळू डाव्या हाताने शिकली. ब्रश मात्र तिने पुन्हा धरला नाही. "डाव्या हातानं काढलेली रेघ माझी रेघ नाही," एवढंच म्हणायची. त्यानंतर दोन वर्षांनी ती सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली. थेंब टाकायला काही रेघ लागत नाही, बाटली डाव्या हातानेही दाबता येते, असा सरळ हिशेब माझ्या मनात होता.

आईने माझी पोळी पाहिली आणि म्हणाली, "शाई सांडली आणि वाळली. याला चित्र म्हणायचं का गं?"

मी म्हटलं, "जलरंगासारखं दिसतंय की नाही?"

"दिसतंय. म्हणून जलरंग होत नाही. जलरंगात पांढरा रंग लावायचा नसतो, सोडायचा असतो. तू कुठे काय सोडलंयस?"

मला उत्तर देता आलं नाही. तुम्ही म्हैसूरला जगनमोहन पॅलेसमध्ये गेला असाल तर सावळाराम हळदणकरांचं ते चित्र पाहिलं असेल: हातात दिवा, दुसऱ्या हाताच्या आडोशाने ज्योत जपणारी स्त्री, बोटांतून झिरपणारा उजेड. अनेकांना ते रविवर्म्याचं वाटतं, आणि तैलरंगातलंही वाटतं. पण ते सावंतवाडीच्या हळदणकरांचं आहे आणि जलरंगातलं आहे. आईच्या वर्गात त्या चित्राची छापील प्रत भिंतीवर असायची. मुलांना ती विचारायची, यात सगळ्यात उजळ जागा कुठली, आणि आजूबाजूला काय आहे म्हणून ती उजळ दिसते? माझी पोळी बघताना आईच्या डोळ्यांपुढे तो वर्ग होता. माझ्या पोळीवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत नुसता रंग होता.

त्यानंतर आठवडाभर तिने तो विषय काढला नाही. मीही काढला नाही. बाहेर बर्फ, आत हीटरचा आवाज, आणि टेबलावर वाळत पडलेल्या माझ्या पोळ्या. मग एका दुपारी तिने नातीला बोलावलं, कॉर्नफ्लेक्सचा रिकामा खोका आणायला सांगितला, आणि त्याच्या पुठ्ठ्यात मधोमध ५ बाय ७ सेंटिमीटरची चौकट कापून घेतली. चित्रकलेच्या शिक्षकांची ही जुनी खिडकी. निसर्गचित्राला मुलं बाहेर नेली की समोरच्या सगळ्यातून नेमकं काय घ्यायचं, हे ठरवायला ती डोळ्यापुढे धरतात. आईने ती डाव्या हाताने माझ्या पोळीवर ठेवली आणि सरकवत राहिली. डावीकडे, वर, थोडी तिरकी, पुन्हा खाली. माझा चहा गार झाला.

"इथे," ती म्हणाली. "एवढं घे. बाकीचं काढून टाक."

मी वाकून पाहिलं. खिडकीत खाली निळसर पट्टा होता, मध्ये क्लेचा जवळजवळ कोरा पांढरा राहिलेला भाग, आणि वर शाईची गडद कड वळत गेलेली. पावसाळ्यानंतरचा कृष्णेचा घाट मला त्यात दिसला. आईला काय दिसलं ते मी विचारलं नाही. आठवडाभर ती पोळी माझ्यासमोर होती आणि ही जागा मला दिसली नव्हती.

पुढच्या पोळ्यांवर थेंब तिने टाकले. तिच्या पोळ्यांवर अर्धीअधिक जागा मोकळी असायची. दोनच रंग, फार तर तीन. निळ्याशेजारी नारिंगी आला की चिखल होतो, हे तिने मला पुन्हा एकदा, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी शिकवलं. माझा हात बाटलीकडे गेला की म्हणायची, "थांब, वाळू दे." हाताचं कौशल्य तिच्याकडून गेलं होतं, नजरेचं होतं तिथेच होतं. या कलेला हात थोडा पुरतो आणि नजर फार लागते, हे मला तिच्याकडे बघून कळलं. ब्रशाची भरपाई मात्र याने झाली नाही, आणि तसा आव तिने आणलाही नाही. "हे जलरंग नव्हेत," ती शेवटपर्यंत म्हणत राहिली. पण रोज दुपारी चारला टेबलापाशी येऊन बसत राहिली.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी. शाई टाकलेली पोळी रात्रभर वाळू द्या. अल्कोहोल पटकन पेट घेतं, तेव्हा शेगडी किंवा दिवा जवळ नको, खिडकी किलकिली असू द्या, आणि ओली पोळी ओव्हनमध्ये घालू नका. भाजण्याचं तापमान पाकिटावर लिहिलेलं असतं. मी वापरते त्या क्लेला २७५ अंश फॅरनहाइट, म्हणजे १३५ अंश सेल्सियसच्या आसपास, आणि पाव इंच जाडीला ३० मिनिटं लागतात. ओव्हनच्या बटणावरच्या आकड्यावर विसंबू नका, आत ठेवायचा छोटा थर्मामीटर आणा. तापमान फार चढलं तर क्ले करपते आणि पीव्हीसीतून घातक धूर निघतो. शक्य असेल तर यासाठी वेगळा छोटा ओव्हन ठेवा. वरून चकाकी हवी असेल तर पाण्यावर आधारलेलं वार्निश लावा, अल्कोहोल असलेलं लावलं तर शाई पुन्हा फिरते. नेलपॉलिश लावू नका, काही दिवसांनी ते चिकट होत जातं.

आणि एक गोष्ट भेट देण्याआधी सांगून टाकलेली बरी. यातल्या बहुतेक शायांचा रंग उन्हात उडतो. कानातलं डबीत राहतं, त्याला फारसं काही होत नाही. उन्हाच्या खिडकीत टांगलेला तुकडा मात्र फिकट होत जातो. आई परत निघाली तेव्हा तिने सहा पेंडंट मैत्रिणींसाठी घेतली होती. सामान भरताना मी तिला हे सांगितलं. ती म्हणाली, "वर्गातली चित्रं दर जूनला रद्दीत जायची. मुलं पुन्हा काढायची." आणि पेंडंटांची पुडी तिने साडीच्या घडीत सरकवली.

ती पुठ्ठ्याची खिडकी ती इथेच ठेवून गेली. कडा मऊ झाल्या आहेत, एका बाजूला निळा डाग आहे. तुम्ही हे करून बघणार असाल तर शाईच्या आधी तशी एक खिडकी कापून घ्या. त्याला पैसे पडत नाहीत, खोका घरात असतोच. पहिली पोळी बिघडली असं वाटलं तरी लगेच गोळा करून मळू नका. वाळू द्या, खिडकी घ्या, आणि सावकाश सरकवत बघा.