यॉर्कचं रिट्रीट आणि माझा जुना आग्रह

मनोरुग्णांच्या वाटेला धर्माने जाऊ नये, असं माझं ठाम मत होतं आणि सभांमधून मी ते ठासून मांडत असे. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीत काम करणाऱ्याला या मतासाठी पुरावे शोधत हिंडावं लागत नाही. घरातली तरणी मुलगी बोलेनाशी झाली, रात्र-रात्र जागायला लागली, की आधी भगत, मग देवरुषी, मग कुणी सांगेल ते देवस्थान नाहीतर दर्गा. आणि हातातला पैसा संपला, डोक्यावर कर्ज झालं, की डॉक्टर. तोवर आजार मुरलेला असतो. त्यात २००१ सालचा ऑगस्ट आला. तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळ मनोरुग्णांना ठेवून घेणारी खासगी घरं होती. ६ ऑगस्टच्या पहाटे त्यांतल्या एका घराच्या झोपडीवजा निवाऱ्याला आग लागली. आतली माणसं साखळ्यांनी जखडलेली होती. २८ जण गेले. त्यानंतर माझं एकही भाषण एरवाडीशिवाय झालं नाही.

दर्गा, भगत यांच्याबद्दल बोलताना मन स्वच्छ असायचं. पण प्रश्नोत्तरांत कुणीतरी उठून विचारायचं, 'मग मिशनऱ्यांची इस्पितळं? ती तर चांगली चालतात.' माझ्याकडे त्यालाही उत्तर होतं आणि ते मिशेल फूकोकडून आलेलं होतं. वेडाच्या इतिहासावरचा त्याचा ग्रंथ १९६१ साली फ्रेंचमध्ये आला. त्याचं संक्षिप्त इंग्रजी भाषांतर मी तरुणपणी वाचलं होतं. त्यात इंग्लंडमधल्या यॉर्क गावच्या 'रिट्रीट' नावाच्या मनोरुग्णालयावर मोठा हल्ला आहे. हे क्वेकर पंथाच्या ख्रिस्ती लोकांनी उभारलेलं इस्पितळ. त्यांनी वेड्यांच्या अंगावरच्या साखळ्या काढल्या, हे जगभर कौतुकाने सांगितलं जातं. फूकोचं म्हणणं असं की बाहेरची साखळी निघाली आणि आत अपराधभावाची आणि सततच्या नजरेची साखळी पडली. मला ते शंभर टक्के पटलं. चांगली वागणूक देणारा धर्म हा वाईट वागणूक देणाऱ्या धर्माचा अधिक हुशार भाऊ, असं मी मानू लागलो.

पुढे याच विषयावर लेख लिहायचा म्हणून मूळ पुरावा बघायला बसलो. फूकोने ज्यावर भिस्त ठेवली, ते सॅम्युअल ट्यूकचं १८१३ सालचं रिट्रीटचं वर्णन. पुस्तक उघडताना मला त्यातून दारूगोळा हवा होता. पण वाचता वाचता माझंच मत ढिलं होऊ लागलं.

हकिगत एका बाईच्या मृत्यूपासून सुरू होते. हॅना मिल्स ही लीड्सची क्वेकर विधवा. १७९० च्या मार्चमध्ये तिला विषण्णतेच्या आजारासाठी यॉर्कच्या मोठ्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं. हे इस्पितळ १७७७ साली उघडलेलं, जॉन कार या नामांकित वास्तुशिल्पीने बांधलेलं, देणग्यांवर उभं राहिलेलं, शहराला अभिमान वाटावा असं. तिचे नातलग दूर होते. त्यांनी गावातल्या क्वेकर मंडळींना तिला भेटून यायला सांगितलं. भेट नाकारली गेली. एप्रिल संपायच्या आत ती गेली. आत काय झालं ते बाहेर कुणालाच कळलं नाही.

विल्यम ट्यूक हा यॉर्कमधला चहा-कॉफीचा व्यापारी. त्याने १७९२ साली क्वेकरांच्या बैठकीत प्रस्ताव ठेवला की आपल्या माणसांसाठी आपण स्वतःच एक जागा काढू. लोक फारसे राजी नव्हते. खर्च मोठा, रुग्ण किती येणार याची खात्री नाही. ट्यूक तेव्हा साठीला टेकलेला होता, पण त्याने चिकाटी सोडली नाही. १७९६ साली यॉर्कच्या वेशीबाहेर, उंचवट्यावरच्या मोकळ्या जागेत, तीसेक रुग्णांसाठी रिट्रीट सुरू झालं. श्रीमंतांकडून जास्त आणि गरिबांकडून कमी पैसे घ्यायचे, असं ठरलं.

माझा पहिला अडसर इथेच निघाला. हे धर्माचं काम होतं, यात शंका नाही. प्रत्येक माणसाच्या आत ईश्वराचा प्रकाश असतो आणि वेडाने तो विझत नाही, ही क्वेकरांची श्रद्धा या साऱ्याच्या मुळाशी होती. पण बाधा, उतारा, भूत काढणं यातलं तिथे काहीच नव्हतं. रुग्णाच्या भ्रमाशी वाद घालण्याचा उपयोग होत नाही, उलट तो भ्रम घट्ट होतो, असं सॅम्युअल ट्यूक स्पष्ट लिहितो. विषण्ण माणसाला त्याच्या दुःखावर प्रवचन द्यायचं नाही, त्याचं मन दुसरीकडे वळवायचं: चालायला न्यायचं, हाताला काम द्यायचं, वाचायला द्यायचं. बायबलवाचन होतं आणि प्रार्थनाही होती. पण आजाराचं कारण पाप आहे, असं कुणी कुणाच्या कानीकपाळी ओरडत नव्हतं.

याहून मोठा धक्का औषधांवरच्या प्रकरणाने दिला. रिट्रीटचे पहिले डॉक्टर थॉमस फाउलर हे त्या काळातले नावाजलेले वैद्य. सोमलाचं एक औषध त्यांच्याच नावाने ओळखलं जाई. त्यांनी त्या वेळचे सगळे उपाय करून पाहिले: रक्त काढणं, फोड आणणं, ओकाऱ्या करवणं, जुलाब. निष्कर्ष असा की यातल्या बहुतेकांचा वेडावर उपयोग होत नाही. विषण्णतेच्या रुग्णांना गरम पाण्याच्या अंघोळीने मात्र बरं वाटतं. आणि उन्मादात झोप न येणाऱ्याला अफूपेक्षा रात्री पोटभर जेवण, मांस, पाव, चीज आणि पोर्टर बिअर दिली तर झोप लागते. करून पाहा, नोंद ठेवा, जमलं नाही तर तसं सांगा. आम्ही ज्याला वैज्ञानिक दृष्टिकोन म्हणतो आणि ज्यासाठी गावोगाव हिंडतो, तो मला एका धार्मिक पंथाच्या इस्पितळाच्या अहवालात सापडला होता.

आणि मग आग. यॉर्कमधल्याच त्या जुन्या, मोठ्या इस्पितळाला १८१३ च्या डिसेंबरमध्ये आग लागली आणि काही रुग्ण त्यात मेले. पुढच्या वसंतात गॉडफ्री हिगिन्स नावाच्या दंडाधिकाऱ्याने तिथे हट्टाने तपासणी केली. बंद दारांमागे, पाहुण्यांना कधीच न दाखवलेल्या कोठड्या सापडल्या. घाणीने भरलेल्या, आणि आदल्या रात्री त्यांत बायका झोपवलेल्या. हे सगळं यथास्थित शिकलेल्या डॉक्टरांच्या कारभारात झालं. त्याच वर्षी लंडनच्या बेथलेम मनोरुग्णालयात एडवर्ड वेकफिल्डला जेम्स नॉरिस हा रुग्ण दिसला, वर्षानुवर्षं लोखंडात अडकवलेला. तिथेही डॉक्टर होते. १८१५ साली संसदेच्या समितीपुढे ही सगळी प्रकरणं आली आणि त्या समितीपुढे म्हातारा विल्यम ट्यूकही साक्षीला उभा राहिला.

हे वाचलं त्या रात्री मला एरवाडी वेगळी दिसली. मी तिचा दोष दर्ग्यावर ठेवला होता. दर्ग्याच्या नावावर चाललेल्या त्या धंद्याचा दोष आहेच आणि तो मी आजही सांगतो. पण यॉर्कची आग आणि एरवाडीची आग यांत दर्गा सामाईक नाही. सामाईक आहे ती कुणीही बाहेरचं न येणारी जागा, आणि आत बांधून घातलेली माणसं. रिट्रीट हॅना मिल्सला भेटू न दिल्यातून जन्मलं. तिथे पंथाचे लोक येत, हिशेब पाहत, रुग्णांशी बोलत. परगावचे डॉक्टरही येऊन पाहून जात. जिनिव्हाच्या एका डॉक्टरने १७९८ साली ते पाहिलं आणि त्याचं वर्णन युरोपभर गेलं.

ट्यूकच्या पुस्तकातला एक प्रसंग मी आता सभांमध्ये सांगतो. चौतिशीतला, धिप्पाड देहाचा एक माणूस रिट्रीटमध्ये आणला गेला. त्याआधी तो इतका हिंसक होता की बेड्या न काढता कपडे बदलता यावेत म्हणून त्याच्या कपड्यांना नाड्या लावल्या होत्या. आल्याबरोबर त्याच्या बेड्या काढल्या आणि त्याला थेट अधीक्षक जॉर्ज जेप्सन व तिथली मंडळी रात्रीचं जेवत होती त्या खोलीत नेलं. त्यांनी त्याला पानावर बसवलं. जेवण झाल्यावर त्याची खोली दाखवली, इथले नियम सांगितले, आणि तू स्वतःला सावरलंस तर आम्हाला जबरदस्ती करायची इच्छा नाही, असं बजावलं. मधूनमधून त्याला झटके येत, तेव्हा त्याला त्या बोलण्याची आठवण दिली जाई. चारेक महिन्यांनी तो बरा होऊन घरी गेला.

फूको हाच प्रसंग घेतो आणि दाखवतो की इथे बेडीच्या जागी वचन आलं, भीती आली, आणि माणूस स्वतःचाच पहारेकरी झाला. हा युक्तिवाद मला अजूनही बिनबुडाचा वाटत नाही. रिट्रीटमध्ये बायकांचे चहापानाचे कार्यक्रम होत. रुग्ण चांगले कपडे घालून येत, शिष्टाचाराने वागत, आणि त्यांच्यावर कौतुकाची पण बारीक नजर असे. ही नजर सोसणं सोपं नसणार. खिडक्यांना गज दिसू नयेत म्हणून लोखंडी चौकटी लाकडासारख्या रंगवल्या होत्या. त्याला दया म्हणावं की दिखाऊपणा, यावर तासभर वाद घालता येईल. अ‍ॅन डिग्बी यांनी रिट्रीटच्या दप्तराचा सविस्तर अभ्यास १९८५ साली पुस्तकरूपात मांडला. त्या चित्रात देवदूत नाहीत. तिथे अंगरख्याने हात बांधणं होतं, एकट्याला कोंडणं होतं, आणि एकोणिसावं शतक पुढे सरकलं तशी रुग्णसंख्याही वाढली आणि गुंगीच्या औषधांचा वापरही वाढला.

पण माझं मत हललं ते याच ठिकाणी. फूको वाचताना मी विचारवंताच्या खुर्चीत बसलेला असे. बेडीत आलेल्या त्या माणसाच्या जागी मी कधी बसलो नव्हतो. मनगटावरचं लोखंड निघून समोर गरम जेवण येणं आणि आपल्याला कुणीतरी नियम समजावून सांगणं, म्हणजे नियम समजणारा माणूस मानणं, याला सूक्ष्म दडपशाही म्हणणाऱ्याने आधी तो फरक अंगावर घेऊन पाहावा. मी गावात साखळीने बांधलेली माणसं पाहिली आहेत. गोठ्याच्या खांबाला, मागच्या खोलीतल्या कडीला. त्यांतल्या एकालाही या दोन प्रकारच्या साखळ्या सारख्या वाटणार नाहीत.

रिट्रीटच्या यशाचं एक साधं कारण होतं आणि तेच पुढे विसरलं गेलं: माणसं थोडी होती. जेप्सन आणि तिथली व्यवस्थापिका कॅथरीन अ‍ॅलन, जिच्याशी त्याने पुढे लग्न केलं, प्रत्येकाला नावाने ओळखत. अंगणात ससे, कोंबड्या, समुद्रपक्षी सोडलेले असत, रुग्णांनी त्यांच्याशी रमावं म्हणून. फिलाडेल्फियाच्या क्वेकरांनी याच धर्तीवर १८१७ साली आपलं इस्पितळ उघडलं. पण इंग्लंडच्या सरकारी इस्पितळांनी हे तत्त्व घेतलं आणि आकार मात्र भलताच केला. १८५१ साली लंडनजवळ कोलनी हॅच उघडलं ते साडेबाराशे रुग्णांसाठी. एवढ्या माणसांना कोण कुणाच्या जेवणाला बोलावणार?

आपल्याकडची एक गोष्टही मला याच वाटेवर भेटली. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचं मानसिक आरोग्य केंद्र १९५७ साली डॉ. फ्लॉरेन्स निकल्स यांनी सुरू केलं. तिथे रुग्णाबरोबर घरचं माणूस राहतं. स्वयंपाक, औषधं, आजाराचं शिक्षण, सगळं बरोबर. यॉर्कने रुग्णाला घरापासून वेगळं केलं होतं. वेल्लोरने घरच आत घेतलं. दोन्ही ख्रिस्ती संस्था, पण पद्धती उलट. म्हणजे धर्म एकच असून काळजी वेगळी होऊ शकते. मग नुसत्या धर्माच्या नावावरून मी इतकी वर्षं निकाल देत होतो, तो कशाच्या आधारावर?

चळवळीतल्या माझ्या सहकाऱ्यांना हे सगळं आवडलेलं नाही. एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने मला बाजूला घेऊन सांगितलं, 'भाऊ, तुम्ही धर्माला सूट द्यायला लागलात.' मी त्यांना म्हटलं, अण्णा, सूट कुणालाच नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधायला बंदी केली आहे. ती दर्ग्याला लागू, देवस्थानाला लागू, मिशनला लागू आणि सरकारी इस्पितळालाही लागू. भगताकडून मुलीला सोडवून डॉक्टरकडे नेणं मी थांबवलेलं नाही. फक्त पूर्वी घरच्यांना माझा पहिला प्रश्न असायचा, 'कुठल्या बाबाकडे नेलं होतं?' आता मी विचारतो, ती जेवते कुठे, कुणाबरोबर, आणि तिला भेटायला कोण येतं. पुष्कळ घरांत यावर पहिल्यांदा गप्प बसतात. मग कुणीतरी मागच्या खोलीचं दार दाखवतं.

एका गोष्टीत मात्र मी फूकोच्याच बाजूला आहे आणि ते सांगितल्याशिवाय हे मनोगत प्रामाणिक होणार नाही. सॅम्युअल ट्यूक लिहितो की वेड लागलं तरी माणसाची भीती सहसा कमी होत नाही, आणि ती जपून, थोडी, पण उपयोगात आणावी. त्याने आदराच्या ओढीला भीतीहून वरचं स्थान दिलं, हे खरं. तरी भीती त्याच्या हत्यारांत होतीच. एका रुग्णाने रागाने मोठा दगड उचलला, तेव्हा जेप्सन जरबेच्या आवाजात बोलत पुढे गेला आणि दगड खाली पडला, ही गोष्ट ट्यूक अभिमानाने सांगतो. तिथे मी त्याच्याबरोबर जाऊ शकत नाही. आमच्या भागातला प्रत्येक भगत नेमकी हीच जरब वापरतो, आणि मनोरुग्णांच्या वॉर्डातले काही परिचारकही. मुलगी शांत होते, घरच्यांना वाटतं गुण आला. ती शांत का झाली, हे तिला विचारायला कुणी बसत नाही.