इंद्रपुरीतले शनिवार

भोपाळ म्हटले की आपल्याला बडा तालाब, सांची, भीमबेटका आठवते. इंद्रपुरी पाहायला मुद्दाम कोणी येत नाही. रायसेन रोडलगत, भेलच्या पिपलानी वसाहतीशेजारी ही वस्ती आहे. १९५६ मध्ये हेवी इलेक्ट्रिकल्स कंपनी स्थापन झाली, पुढे ती भेलमध्ये सामील झाली. कारखान्यामागोमाग देशभरातून माणसे आली, त्यांत मराठी कुटुंबेही आली. माझी आत्या आणि काका त्यांतलेच. आता इथे इंजिनीअरिंगची मुले, वसतिगृहे, क्लासचे फलक आणि सकाळी पोहे-जिलेबीच्या गाड्या दिसतात.

गेल्या वर्षी घरून काम करायची मुभा होती म्हणून मी दोन महिने आत्याकडे राहिलो. शेजारच्या मॅडम सरकारी शाळेत शिकवतात. आत्याने परस्पर सांगून टाकले, "आमचा भाचा इंजिनीअर आहे, तो शिकवेल तुम्हाला इंटरनेट!"

पहिल्या शनिवारी पाच शिक्षिका जमल्या. शाळेत टीव्ही होता, त्यावर भरतकामाचा रुमाल होता. फोन सगळ्यांकडे होता, व्हॉट्सअ‍ॅपही सराईतपणे चालत होते. अडचण वेगळीच होती. मॅडम हळूच म्हणाल्या, "भैया, गलत बटन दब गया तो बच्चे हँसेंगे." निवृत्तीला दोन वर्षे राहिली होती. तीस वर्षे वर्गात मिळवलेला मान चाळीस मुलांसमोर पणाला लावायचा, ही साधी गोष्ट नाही.

म्हणून संगणकाचे शब्द बाजूला ठेवले. पुढच्या आठवड्यात जो धडा शिकवायचा आहे, तोच घेऊन या, एवढेच सांगितले. मॅडमनी नद्यांचा धडा आणला. उपग्रहाच्या नकाशावर आम्ही भोपाळ शोधले. बडा तालाब भरला की भदभदाचे दरवाजे उघडतात, पाणी कलियासोत नदीत जाते. कलियासोत बेतवाला मिळते, बेतवा यमुनेला, यमुना गंगेला. म्हणजे आपल्या तलावाचे पाणी बंगालच्या उपसागराकडे निघते. दक्षिणेला थोड्याच अंतरावरची नर्मदा मात्र अरबी समुद्राकडे जाते. हे सगळे टप्पे त्यांनी चित्रे म्हणून फोनमध्ये साठवले, कारण ऐन तासाला नेट जाते हे त्यांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते.

वर्गात एका मुलीने विचारले, "पानी उधर ही क्यों जाता है?" पडद्यावर उत्तर नव्हते. मॅडमनी खडू उचलला, फळ्यावर विंध्याचा उतार काढला आणि दहा मिनिटे समजावून सांगितले. कोणी हसले नाही.

याच भागात याचा एक मोठा धडा पूर्वीच गिरवला गेला आहे. होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ मध्ये सोळा शाळांत विज्ञान शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या भोपाळच्या 'एकलव्य' संस्थेने तो पुढे नेला. २००२ मध्ये तो बंद झाला. त्यात शिक्षक प्रशिक्षणाला येऊन स्वतः प्रयोग करून पाहत आणि दर महिन्याला एकत्र बसून अडचणी बोलत. तेव्हा साधन भिंग आणि परीक्षानळी होते, आज फोन आहे. शिक्षकाने आधी स्वतः हाताळून पाहायचे, ही गरज तीच आहे.

आपल्याकडेही सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तो वर्गातून सुचलेल्या कामाबद्दल.

आपल्या मंडळात इंजिनीअर पुष्कळ आहेत. जवळच्या शाळेला चार शनिवार द्या. जाताना भाषण नेऊ नका, त्यांचा धडा मागा. व्हिडिओ आधी उतरवून ठेवा, चार्जर आणि टीव्हीची केबल सोबत असू द्या. आणि फोन शिक्षकांच्याच हातात राहू द्या.

मी पुण्याला परतल्यावर मॅडमचा संदेश आला. पुढचा धडा मातीचा होता आणि चित्रे त्यांनी स्वतःच शोधली होती.