‘तत्त्वतः मान्य’

सभांचे ठराव आणि पुढाऱ्यांची भाषणे लिहून देण्याच्या व्यवसायात माझे अर्धेअधिक आयुष्य इंदूरच्या मल्हारगंजात, बडा गणपतीच्या परिसरात गेले, आणि मसुदा वाचून दाखविल्यावर, यजमान कोणत्याही पक्षाचे असोत, त्यांची सूचना बहुधा एकच असे: “नाना, वाक्य झकास उतरले आहे, पण एवढे रोखठोक नको, जरा मोकळीक राहू द्या.” ‘न्याय’, ‘समता’ किंवा ‘स्वातंत्र्य’ हे शब्द काढून टाका, असे मात्र कोणी कधी सांगितले नाही. ते आपल्या उच्चासनावर अक्षत राहतात. त्यांच्या शेजारी एखादे नम्र अव्यय येऊन बसते, ‘यथाशक्य’, ‘परिस्थितीनुरूप’ किंवा ‘योग्य वेळी’, आणि टाळ्या तर पूर्ववत पडतात, पण बांधिलकी नाहीशी झालेली असते. या गोतावळ्यात ‘तत्त्वतः’ हा मला सर्वांत धीट वाटतो. कारण इतर शब्द तत्त्वाला बाहेरून मुरड घालतात, तर हा तत्त्वाचेच नाव धारण करून त्याला व्यवहारातून हद्दपार करतो.

या कारागिरीचे गुरुकुल पाहायचे असेल, तर कंपनी सरकारचे आणि त्यामागून राणी सरकारचे दप्तर उघडावे. १८३३ च्या सनदी कायद्याने, केवळ धर्म, जन्मस्थान, वंश किंवा वर्ण यांच्या कारणावरून कोणाही हिंदी माणसाला सरकारी पदास अपात्र ठरविता येणार नाही, असे उदारपणे जाहीर केले. पण त्यातील ‘केवळ’ने दुसरे एखादे कारण शोधण्याची मुभा सरकारकडे शाबूत ठेवली. पुढे १ नोव्हेंबर १८५८ रोजी अलाहाबादेत लॉर्ड कॅनिंगने वाचून दाखविलेल्या राणीच्या जाहीरनाम्यात, वंशभेद वा धर्मभेद न मानता प्रजाजनांना सरकारी नोकरीत निःपक्षपातीपणे प्रवेश मिळेल, या अभिवचनाला ‘शक्य असेल तेथवर’ची जोड मिळाली, शिवाय शिक्षण, योग्यता आणि सचोटी यांची अटही. ती शक्यता कोणी ठरवावयाची? नोकऱ्या ज्यांच्या हाती होत्या, त्यांनीच. दादाभाईंपासून गोखल्यांपर्यंतची पिढी या जाहीरनाम्याला हक्काची सनद मानून त्यातील अभिवचनाचा पाठपुरावा करीत राहिली, आणि सनदी नोकरीची परीक्षा हिंदुस्थानातही घेतली जाण्यास १९२२ साल उजाडावे लागले.

तेव्हा विशेषण व अव्यय छाटून टाकले की वाक्य सुरक्षित झाले, असे कोणी म्हणेल, तर त्याला आमच्या होळकरशाहीचा दाखला द्यावा लागेल. ६ जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहात, महाराजांची मुले, आप्त, आश्रित, प्रजा आणि चाकर यांच्याशी इंग्रज सरकारचा काहीएक संबंध नाही, त्यांच्या बाबतीत महाराज सर्वाधिकारी आहेत, अशी स्वच्छ कबुली आहे. ‘सामान्यतः’ नाही, ‘शक्यतोवर’ नाही. तरीही १९२५ साली मुंबईत मलबार हिलवर बावला नावाच्या व्यापाऱ्याचा खून होऊन तपासाचे धागे इंदूरपर्यंत पोहोचले, तेव्हा चौकशी आयोग की राज्यत्याग, असा पेच महाराज तुकोजीराव होळकर तिसरे यांच्यापुढे उभा राहिला, आणि फेब्रुवारी १९२६ मध्ये त्यांनी पुत्र यशवंतरावांसाठी गादी सोडली. पुढच्याच महिन्यात व्हाइसरॉय रीडिंग यांनी निजामाला लिहून कळविले की, ब्रिटिश सत्तेचे श्रेष्ठत्व केवळ तहनाम्यांवर आधारलेले नाही. (येथेही ‘केवळ’ आहेच!) म्हणजे जी अट तहाच्या कागदावर नव्हती, ती अर्थ लावणाऱ्याच्या खिशात होती.

म्हणून एखादा मर्यादादर्शक शब्द मसुद्यात दिसला, की तो कोणाला बांधतो आणि त्याचे माप कोणाच्या हाती आहे, हे मी आधी पाहतो. घटना समितीत डिसेंबर १९४८ मध्ये ठाकुरदास भार्गव यांनी नागरिकांच्या स्वातंत्र्यांवरील निर्बंधांमागे ‘वाजवी’ हा शब्द घालण्याची दुरुस्ती मांडली आणि डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली. हे विशेषण हक्काला चिकटलेले नाही, निर्बंधाला चिकटलेले आहे; ते नागरिकाचा हात न धरता सरकारचा हात धरते, आणि त्याचे माप न्यायालयाकडे जाते. भाषणस्वातंत्र्याच्या कलमात मात्र तो शब्द तेव्हा आला नाही. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने सार्वजनिक सुव्यवस्थेसारखी नवी कारणे निर्बंधांच्या यादीत दाखल केली, तेव्हा विरोधकांच्या टीकेनंतर तो तेथे पोहोचला. एका हाताने घेतलेल्याची ही दुसऱ्या हाताने केलेली भरपाई कितपत पुरी पडली, यावर वकील मंडळी आजही भांडतात, आणि भांडण्याजोगा मुद्दा कलमात राहिला, हेही मी लहान समजत नाही.

याच्याच शेजारी, महूला जन्मलेल्या बाबासाहेबांच्या देखरेखीखाली तयार झालेले अस्पृश्यतेविषयीचे कलम ठेवून पाहावे. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी ते संमत होताना, धर्म किंवा जात या कारणावरून कोणालाही अस्पृश्य मानले जाऊ नये, अशी कारणे मोजून देणारी शब्दयोजना नझीरुद्दीन अहमद यांनी सुचविली होती; ती फेटाळली गेली. कायम झालेल्या वाक्यात अस्पृश्यता नष्ट करण्यात आली आहे आणि तिचे आचरण निषिद्ध आहे, तेही ‘कोणत्याही स्वरूपात’. कारणे मोजून दिली असती, तर यादीबाहेरचे एखादे कारण शोधायला लोकांना कितीसा वेळ लागला असता!