बंबाचा वास

रविवारी जुन्या बाजारात पाय ठेवायला जागा नसते, म्हणून मी बुधवारचा गिऱ्हाईक. पुण्याच्या त्या बाजारात गंजलेले पाने आणि बंद पडलेली घड्याळं यांच्या ढिगात एक पाइप पडला होता. "साहेबाची चिलीम आहे, तीनशे," विक्रेता म्हणाला. दीडशेला सुटली. चिलीम म्हणाला ते काही खोटं नव्हतं. आजोबांची मातीची चिलीम उभी धरायची, हा आडवा, एवढाच फरक.

घरी भिंगाखाली पाहिला. लाकूड ब्रायरचं. भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाच्या बुंध्याशी, मातीत गाठ धरते, तिच्यातून पाइप कोरतात. आधी ती गाठ तासन्‌तास उकळतात आणि महिनोन्‌महिने सुकवतात, म्हणून ती निखारा सोसते. भांड्याचा काठ उजवीकडे जास्त करपलेला, म्हणजे मालक उजव्या हाताने काडी लावणारा असावा. नळीवर डाव्या अंगाला दातांचे दोन खोल ठसे. नळी व्हल्कनाइटची, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराची. उन्हाने शेवाळी पडलेली. दांड्यावरच्या पुसट अक्षरांतलं 'सँ क्लोद' तेवढं लागलं. फ्रान्समधल्या या गावात 19व्या शतकापासून ब्रायरचे पाइप होतात.

आणि मग मी माती खाल्ली. नळी घासता घासता पॉलिश पेपर दांड्यावरही फिरवला. पाइप चकचकीत झाला आणि बिननावाचाही.

दातांच्या ठशांवर मात्र इलाज आहे. मेणबत्तीच्या आचेवर नळी लांबूनच फिरवली की दबलेलं रबर फुगून वर येतं. एक ठसा भरला, दुसरा नाही भरला. मग भांड्यात मीठ घालून वर रमचे थेंब सोडले. सकाळी मीठ गुळासारखं तपकिरी. तीन वेळा केलं, तरी आतला धुरकट वास हलेना.

तो कसला, हे कळायला वर्ष गेलं. तोवर मी व्हर्जिनिया तंबाखू ओढत होतो. वास गवताच्या गंजीसारखा, गोडसर; पण या पानात साखर जास्त, घाईने ओढलं की जीभ पोळते. माझी महिनाभर पोळलेलीच होती. पुढे पेरिक चाखली. अमेरिकेत लुइझियानामधल्या सेंट जेम्स भागात ही पानं पिंपात दाबून स्वतःच्याच रसात वर्षभर ठेवतात, मधूनमधून काढून पुन्हा दाबतात. आपलं लोणचं मुरतं तशी ती मुरते.

मग एका मित्राने परदेशातून लटाकियाचं मिश्रण आणलं. डब्याचं झाकण काढलं आणि तोच वास! नाव सिरियातल्या बंदराचं, माल आता बहुतेक सायप्रसचा. पानं टांगून खाली सुगंधी लाकडं धुमसत ठेवतात, काळी पडेपर्यंत.

गॅलरीत तोच पाइप भरला. पहिली काडी नावापुरतीच असते. तंबाखू फुगून वर येते, ती हलकेच दाबायची, मग दुसरी काडी. दोन झुरके झाले नाहीत तोच आतून आईचा आवाज, "अरे, बंब कोणी पेटवला?"

वाडा पडून, बंब मोडीत जाऊन चाळीस वर्षं झाली. आई बाहेर आली, पाइप पाहून "शी!" म्हणाली, आणि खुर्ची ओढून लांब बसली. करवंट्या, ओली लाकडं, अंघोळीच्या पाण्याला येणारा धुराचा वास. "मामंजी त्या बंबातलाच निखारा चिमट्याने काढून चिलमीवर ठेवायचे," ती म्हणाली. हे मला कधी कोणी सांगितलं नव्हतं.

आज सतरा पाइप आहेत. ओढलेला पाइप वाळायला निदान एक दिवस लागतो, हे घरी द्यायचं कारण. त्यात एक तुर्कस्तानचा पांढरा मीरशॉम आहे. जर्मन शब्दाचा अर्थ समुद्रफेस. आपल्या वैद्यांचा समुद्रफेस वेगळा, हा मऊ दगड. वापरून मधासारखा पिवळा होत जातो. माझा अजून पांढराच आहे, कारण धूर छातीत घेतला नाही तरी तोंडाला धोका आहेच, असं डॉक्टरांनी बजावल्यापासून महिन्यातून दोनदाच काय ते.

बिननावाचा पाइप लटाकियासाठी राखून ठेवलाय. आईला धूर नको असतो. ती डबा मागून घेते, झाकण काढून एकदा हुंगते आणि घट्ट लावून परत देते.