शांत झालेलं मूल

माझ्याबरोबर काम करणारी तरुण बालरोगतज्ज्ञ गणपतीनंतर पुण्याला निओनॅटॉलॉजीच्या, म्हणजे नवजात बाळांच्या उपचारांच्या, फेलोशिपला गेली. रत्नागिरीतला माझा दवाखाना ती पुढे चालवेल अशी माझी समजूत होती. तिची तशी कधीच नव्हती. मला राग आला. साठी उलटलेल्या माणसाने कशाकशाचा राग धरावा याला काही धरबंध असावा, म्हणून हे लिहायला बसलो.

सुरुवात आमच्या कामापासून. त्यात एक जागा अशी आहे की तिथे पुस्तक मदतीला येत नाही. आठ महिन्यांचं मूल, दम लागलेला, पोट उडतंय, नाकपुड्या फुलताहेत, रडून आकांत चाललाय. ऑक्सिजन लावला, नेब्युलायझर दिला. दीडेक तासाने मूल शांत होतं. श्वास मिनिटाला 70 होता तो 50 वर येतो. आई म्हणते, "डॉक्टर, आता जरा बरं वाटतंय त्याला." आणि माझ्या पोटात गोळा येतो. मूल बरं होऊन शांत झालंय की थकून? छातीतली घरघर कमी झाली ती नळ्या मोकळ्या झाल्या म्हणून, की आता आत हवाच जात नाही म्हणून? ऑक्सिजन चालू असल्यामुळे सॅच्युरेशनचा आकडा दोन्ही मुलांचा सारखाच चांगला दिसतो. एकाला घरी न्यायची तयारी करायची असते, दुसऱ्याला तासाभरात श्वासाच्या मशीनची गरज लागणार असते. दोघंही आईच्या खांद्यावर सारखीच निजलेली.

या एका ओळखीवर पुढचं सगळं. इथे ठेवायचं, की रात्री अॅम्ब्युलन्समध्ये घालून आंबा घाटातून कोल्हापूर गाठायचं? 130 किलोमीटर, बाहेर आषाढातला पाऊस, आणि घाटात दरड आली असेल तर वाटेतच अडकायचं. मुंबई तर याच्या दुपटीहून लांब. थकलेलं मूल उशिरा पाठवणं जितकं वाईट, तितकंच सुधारणारं मूल घाबरून घाटात नेणं.

मला ते ओळखता येतं. हे मी साळसूदपणे सांगत नाहीये, मला त्याचा माज आहे. दाराशी चपला काढणाऱ्या बाईच्या कडेवरचं मूल पाहून मी कंपाउंडरला 'आधी हिला आत घे' म्हणतो, आणि बाकावरचे लोक एकमेकांकडे बघतात. ते बघणं मला आवडतं. इतकी वर्षं या गावात मला टिकवून ठेवण्यात त्या नजरांचा वाटा फीइतकाच असावा.

ती आली 2023 च्या पावसाळ्याच्या तोंडावर. मुंबईतून एमडी, मग सरकारी बाँडचं एक वर्ष पुरं केलेलं. रुजू होताना तिने पगाराआधी एनआयसीयूच्या, म्हणजे नवजात अतिदक्षता कक्षाच्या, वायरिंगचं विचारलं. जानेवारी 2021 मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात कक्षाला आग लागून 10 बाळं गेली, तेव्हा ती मुंबईत निवासी डॉक्टर होती. त्या रात्रीनंतर आपण प्रत्येक वॉर्डात आधी दरवाजे मोजतो, असं म्हणाली. मला ती तेव्हाच आवडली.

पहिल्याच आठवड्यात दम्याचं एक मूल आलं. मी म्हटलं, हे थकतंय, याला पाठवू. तिने विचारलं, "सर, कशावरून?"

"दिसतंय."

"काय दिसतंय?"

मला सांगता येईना. मी नाकपुड्या, मान, बरगड्यांमधली खेच असं काहीबाही बोललो. ते तिलाही दिसत होतंच, आणि त्यातलं बरंचसं तर कमी झालं होतं. "सर, मोजता येईल असं काही तरी सांगा," ती म्हणाली. मी हसून म्हटलं, हे अनुभवाने येतं. ते म्हणताना मला बरं वाटलं. जे सांगता येत नाही ते फक्त आपलंच असतं, ही त्यातली खरी गोडी.

पण अनुभव म्हणजे मुलं. तिला मुलं मिळालीच कुठे? 2019 मध्ये एमडीला प्रवेश, जेमतेम पहिलं वर्ष सरत आलं तोवर मार्च 2020 उजाडला. बालरोगाची निवासी डॉक्टर ही, ड्युटी मोठ्यांच्या कोविड वॉर्डात. पीपीई किटच्या टोपीखाली स्टेथोस्कोप कानात घालता येत नसे. छाती ऐकायची ती एक्स-रेवर आणि बोटाला लावलेल्या चिमट्यावर. शाळा बंद, पाळणाघरं बंद, लोकल बंद, म्हणून पावसाळ्यात बाळांची छाती भरवणारे विषाणूही जणू सुट्टीवर. ज्या दोन पावसाळ्यांत तिने असली शेकडो मुलं पाहायची, त्यांत तिने मूठभर पाहिली. दुसऱ्या लाटेनंतर एमआयएस-सीची मुलं आली. कोविड होऊन गेल्यावर काही आठवड्यांनी ताप, पुरळ, हृदयावर सूज. तो आजार तिने माझ्यापेक्षा किती तरी जास्त पाहिला आहे. 2021 ची नीट-पीजी, म्हणजे एमडीची प्रवेश परीक्षा, जानेवारीची सप्टेंबरवर गेली, मग आरक्षणाच्या खटल्यात प्रवेश अडकले आणि नवी तुकडी 2022 उजाडल्यावरच आली. म्हणजे हिच्या शेवटच्या वर्षाचा मोठा भाग हाताखाली ज्युनियर नाहीत. ज्या वर्षी शिकवता शिकवता शिकायचं, त्या वर्षी तिने ज्युनियरच्याच ड्युट्या केल्या.

इकडे आमची काय गत होती? 2020 चा जून मी विसरणार नाही. शाळा सुरू होणं, पाऊस आणि पोरांचं पडसं यांवर कोकणातल्या बालरोगतज्ज्ञाचं वर्ष उभं असतं. त्या वर्षी जून आला, पाऊस आला, पोरं आजारी पडलीच नाहीत. लसीकरणालाही लोक बाहेर पडेनात. केंद्राने मार्चच्या शेवटी टेलिमेडिसिनचे नियम काढले. मी फोनवर पुरळ पाहिले, जुलाब ऐकले, पण श्वास? हलत्या कॅमेऱ्यावर छाती दिसत नाही. बाकं रिकामी, कर्मचाऱ्यांचे पगार चालू. दापोली-मंडणगडच्या सहकाऱ्यांचं तर त्याहून वाईट; 3 जूनच्या निसर्ग वादळानंतर तिकडे कित्येक दिवस वीज नव्हती, लशींच्या फ्रिजचं करायचं काय हाच घोर.

माझं कर्ज फिटलेलं होतं. जे नुकतेच स्वतःचं रुग्णालय काढून बसले होते, त्यांचे हप्ते थांबत नव्हते. तिच्या तुकडीने हे निवासी डॉक्टरांच्या वसतिगृहातून पाहिलं. साथ आली की फिजिशियन, भूलतज्ज्ञ लागतात; घराबाहेर पडायची चोरी असताना ज्याच्याकडे कोणीच येत नाही असा एक डॉक्टर असतो, आणि तो आपण आहोत, हे त्यांना ऐन विशीच्या शेवटी कळलं. मात्र बाळंतपणं थांबली नाहीत. कमी दिवसांची बाळं टाळेबंदीतही जन्मली, त्यांना इनक्यूबेटर लागले. मग ज्याने डोकं वापरलं त्याने नवजात अतिदक्षतेकडे मोर्चा वळवला: महिन्याचा पगार, पाळीची वेळ, शेजारी टीम, स्वतःच्या डोक्यावर इमारतीचं कर्ज नाही.

मधे एकदा उलटं वारंही आलं. 2021 च्या उन्हाळ्यात तिसरी लाट मुलांवर येणार म्हणून सगळीकडे घबराट झाली. राज्याने डॉ. सुहास प्रभू यांच्या अध्यक्षतेखाली मुलांसाठी वेगळं कृतिदल नेमलं, जिल्ह्याजिल्ह्यांत बालकांचे कोविड वॉर्ड उभे राहिले, बालरोगतज्ज्ञ हवेत म्हणून कंत्राटी जागांच्या जाहिराती निघाल्या. वर्षापूर्वी ज्याला कोणी विचारत नव्हतं, त्याला अचानक फोनवर फोन. लाट जानेवारी 2022 मध्ये आली आणि बहुतेक मुलांना दोन दिवसांचा ताप देऊन गेली. वॉर्डांची तयारी करून घेणं शहाणपणाचंच होतं, त्याबद्दल मी एक शब्द वाकडा बोलणार नाही. पण कंत्राटावर आलेल्या पोरांची गरज ताप उतरावा तशी उतरली. तिच्या एका मित्राने सहा महिन्यांत तीन ठिकाणं बदलली. अशा माणसाला मी 'गावात ये, दवाखाना टाक, दहा वर्षांत नाव होईल' असं सांगणार, आणि त्याने ऐकावं अशी अपेक्षा धरणार!

आमच्या पिढीतले काही जण चहाच्या टेबलावर या पोरांना 'कोविड बॅच' म्हणतात. मुलाला हात लावायला घाबरतात, मॉनिटरकडे बघतात, पेशंटकडे नाही, वगैरे. बोलणारे कोण, तर ज्यांच्या दवाखान्यात सर्दीच्या प्रत्येक मुलाला नेब्युलायझर आणि अँटिबायोटिक मिळतं. रविवारी कोल्हापूरहून येऊन हॉटेलच्या खोलीत ओपीडी करून संध्याकाळी परतणारेही आहेत. मूल रात्री दोनला दमलं तर त्यांचा फोन लागत नाही, मग ते माझ्याकडे येतं. नेब्युलायझर तर आता मेडिकलच्या दुकानातून घरोघर गेलाय. त्याने मूल शांत होतं. आणि शांत झालेल्या मुलाचं काय करायचं हे दुकानदार सांगत नाही.

जुनं ते सोनं असं मात्र मी म्हणणार नाही. गावोगावचं बालरोगाचं काम वर्षानुवर्षं डीसीएच डिप्लोमावाल्यांनी ओढलं. त्या जागा बऱ्याच ठिकाणी एमडीत बदलल्या. एमडी झालेला तालुक्याला येत नाही, ही तक्रार मीही करतो. अमेरिकेतही 2024 मध्ये बालरोगाच्या 200 हून अधिक निवासी जागा पहिल्या फेरीत भरल्या नाहीत. शिक्षणाचं कर्ज मोठं आणि मुलांच्या डॉक्टरची कमाई इतर शाखांहून कमी, हे तिथलं जुनं दुखणं. म्हणजे बालरोगाकडे पाठ फिरवणारी फक्त आपलीच पोरं नाहीत.

तर शांत झालेलं मूल. मी सुटत नव्हतो आणि ती सोडत नव्हती. तिच्या प्रश्नाने मला माझ्याच डोळ्यांवर पाळत ठेवावी लागली. हळूहळू काही गोष्टी हाती लागल्या. बरं होणारं मूल मला पाहून चिडतं. थकलेल्याला माझी पर्वा नसते. बरं होणारं मूल मास्क ढकलतं. थकलेलं तो सहन करतं. पहिल्याचा हात आईच्या मंगळसूत्राशी जातो, दुसऱ्याचा लोंबतो. मी हे मोठ्या ऐटीत सांगितलं. तिने लगेच पाचर मारली: टाळेबंदीत जन्मलेली मुलं घरच्यांशिवाय कोणाला पाहतच नव्हती, ती तर प्रत्येक परक्याला पाहून किंचाळायची, मग चिडणं ही खूण त्यांच्या बाबतीत कितपत धरायची? खरं होतं. सलग दोन वर्षं ती खूण बुजून गेली होती, आणि मास्कमागचा माझा चेहरा कोणत्याच मुलाला धड दिसत नव्हता.

मग तिने स्वतःची पद्धत काढली. दर पंधरा मिनिटांनी वहीत नोंद: पूर्ण मिनिटभर मोजलेला श्वास, खेच, डोळे आईचा चेहरा शोधतात का, मास्क ढकलतं का, पाजलं तर सलग किती घोट घेतं. आणि आईला विचारून, अंगडं वर करून, त्याच कोनातून मोबाइलवर दहा सेकंदांची चित्रफीत, मूल घरी गेलं की पुसायची. पहिली आणि चौथी शेजारी शेजारी लावली की कळायचं. सुधारणाऱ्या मुलाचा श्वास कमी होताना छाती अधिक उचलली जाते. थकणाऱ्याचा श्वास कमी होताना छातीही कमीच हलते. इतकं सोपं. माझ्या डोळ्यांना हेच दिसत असणार, पण ते मला शब्दांत कधी धरता आलं नव्हतं.

पाऊस संपेपर्यंत रात्रपाळीच्या सिस्टरला ते ओळखता यायला लागलं. एका पहाटे तिचा फोन आला, "सर, हे शांत झालंय पण मला आवडत नाहीये." मी येऊन पाहिलं. तिचं बरोबर होतं. मूल वेळेत कोल्हापूरला पोहोचलं, बरं होऊन आलं. दिवसभर मी सगळ्यांवर खेकसत होतो.

रागाचं मूळ तिथे आहे. जे अनुभवाशिवाय येत नाही असं मी सांगत फिरलो, ते माझ्याहून निम्म्या वयाच्या मुलीने एका पावसाळ्यात वहीत उतरवलं, सिस्टरला शिकवलं, आणि मग ती जिथे पगार आणि झोप मिळते तिथे निघून गेली. तिला पुरेशी मुलं पाहायला मिळाली नाहीत, म्हणूनच तिला 'दिसतंय' एवढ्यावर भागवता येत नव्हतं. ज्याच्याकडे गल्ला भरलेला असतो तो पैसे मोजत नाही. 'कोविड बॅच' म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनी ती वही एकदा वाचावी. मी ती आता एनआयसीयूच्या टेबलावर ठेवली आहे.

वही असली तरी ती वाचणारा डॉक्टर लागतोच. 2022 च्या अखेरीस मुंबई, भिवंडी, मालेगावात गोवराने डोकं वर काढलं. कोविडच्या साथीत लसी राहून गेलेल्या मुलांचाही त्यात वाटा होता. हे असलं पुन्हा होणार, आणि तेव्हा एनआयसीयूत बसलेला डॉक्टर पुरणार नाही. गल्लीत, बाकावर, आईच्या कडेवर मूल पाहणारा माणूस लागेल. जिल्ह्यात आता सावर्ड्याच्या वालावलकर रुग्णालयाचं वैद्यकीय महाविद्यालय आहे, 2023 पासून रत्नागिरीत सरकारी महाविद्यालयात वर्षाला 100 विद्यार्थी येतात. त्यांतला एखादा बालरोगाकडे वळून परत यायला अजून दहा वर्षं जातील. माझ्याकडे तेवढी नाहीत.

म्हणून तरुण बालरोगतज्ज्ञांसाठी हे जाहीर करतो. मारुती मंदिराजवळ चालू दवाखाना आहे. गुडविल नको, डिपॉझिट नको. महिन्याचा ठरलेला पगार, वर निम्मा हिस्सा, साथ आली नि बाकं रिकामी पडली तरी पगार चालू. आठवड्यातल्या तीन रात्री फोन माझ्याकडे. इतर रुग्णालयांच्या नवजात कक्षांत काम करायची मोकळीक. वायरिंग नवीन केलं आहे. पाटीवर माझं नाव मात्र राहील. किती वर्षं, यावर बोलणी होऊ शकतात.