काशी-प्रयागच्या वाटेवरचे माग

काशीहून प्रयागला मोटारीने निघालात तर वाटेत गोपीगंज लागते. तिथून उत्तरेला वळा. हा भदोहीचा मुलूख, हाताने गाठी मारून विणलेल्या गालिच्यांचा. शेतांमधून जाता जाता एखाद्या शेतकऱ्याच्याच घरी उभा माग दिसतो. पेरणी-कापणी आली की माग थांबतो. व्यापारी कुरकुरतो, पण या घरांचे पोट दोन्हींवर आहे.

विणकराची बोटे बघत बसावीत. ताण्याच्या दोन धाग्यांना लोकरीचा वेढा द्यायचा, सुरीने टोक कापायचे, की झाली एक गाठ. ओळ भरली की आडवा धागा घालून पंजाने ठोकायची. आपल्या धनगरांच्या घोंगडीत अशी गाठ नसते, म्हणून ती मागावरून लवकर उतरते. इथे चौरस इंचाला १०० गाठी धरा. सहा फूट बाय चार फुटांच्या गालिच्यात ३,४५,६०० गाठी झाल्या! दिवसाला ६,००० मारल्या तरी एका माणसाचे ५८ दिवस गेले.

लहान पोरांच्या बोटांनी गाठ बारीक बसते, अशी थाप पूर्वी मारली जाई. पोरे मागावरून उठून शाळेत जावीत म्हणून १९९४ साली माग तपासून गालिच्याला चिठ्ठी लावण्याची पद्धत निघाली. विकत घेताना ती चिठ्ठी मागा.

आणि गालिचा आधी उलटा करा. पाठीमागे गाठी मोजता आल्या तर तो विणलेला. पाठीला कापड चिकटवलेले असेल तर लोकर बंदुकीसारख्या यंत्राने टोचलेली. काही दुकानदार त्यालाही 'हातचा' म्हणून खपवतात, आणि भाव पडतो तो मागावर बसलेल्याचा.